कॅसेट आहे, खेळ नाही

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो नावाचं एक लहान शहर आहे. २६ एप्रिल २०१४ रोजी तिथल्या जुन्या कचरा डेपोत खोदकाम झालं. वारा सुटला होता, धूळ डोळ्यांत जात होती, तरी बघ्यांची गर्दी हटत नव्हती. पुरातत्त्वाचे अभ्यासकही हजर होते. जमिनीखालून निघाल्या त्या चेपलेल्या, मातीने माखलेल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी. अटारी या कंपनीने सप्टेंबर १९८३मध्ये न खपलेला माल ट्रकांत भरून इथे आणला होता, खड्ड्यात ओतला होता आणि वर काँक्रीट टाकलं होतं. त्यात स्पीलबर्गच्या गाजलेल्या चित्रपटावरून घाईघाईने, जेमतेम पाच आठवड्यांत बनवलेला 'ई.टी.' हा खेळही होता. साधारण १,३०० कॅसेटी वर काढल्या. त्यातली एक आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

ही कथा एरवी एका धंद्याच्या दिवाळखोरीची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एकतीस वर्षं कचऱ्याखाली पडलेल्या त्या प्लास्टिकच्या डबीत खेळ होता. अख्खा. त्यातल्या चिपवर आठ किलोबाइटची जी आज्ञावली होती, तीच म्हणजे तो खेळ. तिच्यासारख्याच लाखो डब्या जगभर घराघरांत गेल्या होत्या. म्हणून कंपनीने पुरला, तरी खेळ मेला नाही.

आता ५ जून २०२५ या तारखेकडे या. त्या दिवशी जपानच्या निन्टेंडोचं 'स्विच २' हे नवं यंत्र बाजारात आलं. त्याच्यासाठी दुकानात मिळणाऱ्या काही खेळांच्या डबीत 'गेम-की कार्ड' नावाची चकती असते. दिसायला कॅसेटच. पण तिच्यात खेळ नसतो. असते फक्त किल्ली. ती यंत्रात घातली की खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. ज्या दिवशी कंपनी तो खेळ पुरवणं थांबवेल, त्या दिवसापासून पुढे तो ज्याच्याकडे उतरवलेला नसेल त्याच्या हातात नुसती चकती उरेल.

या दोन कॅसेटींच्या मध्ये चाळीसेक वर्षांत काय घडलं, ते या लेखात मांडायचं आहे.

मी संगणकशास्त्र शिकलेला नाही. नोकरी सांभाळून गेली वीसेक वर्षं जुन्या बैठ्या खेळांचे पट शोधत फिरतो. आपल्याकडे लेण्यांत, किल्ल्यांवर, देवळांच्या ओट्यांवर असे पट कोरलेले सापडतात. कोणी कोरले, कधी कोरले, बहुतेक वेळा कळत नाही. पण चार खडे उचलले की अजूनही डाव मांडता येतो. कोणाची परवानगी लागत नाही. व्हिडिओ गेमकडे मी वळलो तो या वाटेने. आणखी पन्नास वर्षांनी माझ्यासारख्या एखाद्याला आजच्या खेळांचे पट कुठे सापडतील, असा साधा प्रश्न पडला होता. मराठीत व्हिडिओ गेमवर जे लिहिलं जातं ते बहुतेक मुलं बिघडली याच सुरातलं असतं. तो सूर मला इथे लावायचा नाही. नाटक-सिनेमालाही आपल्या आजोबांनी तोच लावला होता.

सुरुवातीला हा धंदा नाण्याचा होता. १९७२मध्ये अटारीने 'पाँग' हे यंत्र कॅलिफोर्नियातल्या एका दारूच्या गुत्त्यात ठेवलं. काही दिवसांत ते बंद पडलं म्हणून बघायला गेले, तर नाण्यांचा डबा ओसंडून अडला होता, अशी कथा सांगतात. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे एसटी स्टँडच्या आसपास जी व्हिडिओ पार्लरं निघाली, तिथेही हाच हिशेब होता. नाणं टाका, जीव संपेपर्यंत खेळा. त्यामुळे खेळ बनवणाऱ्याला एकच विद्या साधायची होती: गिऱ्हाईक दोन-तीन मिनिटांत हरलं पाहिजे, पण आता थोडक्यात हुकलं असं त्याला वाटलं पाहिजे.

मग खेळ घरी आला आणि वस्तू झाला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायची यंत्रं आली, तेव्हा त्या डबीला सगळेच 'कॅसेट' म्हणत. चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा संस्कारही सार्वत्रिक होता. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसत असे. आज मोबाइलवर येणाऱ्या एखाद्या शुभेच्छाचित्रालाही यापेक्षा जास्त जागा लागते. कॅसेट मित्राला देता येई, बदलून घेता येई, निम्म्या किमतीत विकता येई. हा हक्क आपण गृहीत धरतो, पण त्यामागे कायदा आहे, आणि तो पुस्तकांवरून आला आहे. अमेरिकेत एका प्रकाशकाने 'द कास्टअवे' या कादंबरीत छापलं होतं की ही प्रत एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकू नये. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९०८मध्ये न्यायालयाने सांगितलं की एकदा प्रत विकल्यावर तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. तुमच्या हातातला हा अंक उद्या रद्दीत गेला आणि तिथून एखाद्या अभ्यासकाच्या हाती लागला, तर तेही याच तत्त्वाने. मराठी नियतकालिकांवर काम करणाऱ्या माणसाला विचारा, त्याचं अर्धं संशोधन रद्दीवाल्याच्या आणि फुटपाथवरच्या विक्रेत्याच्या कृपेने झालेलं असतं.

खेळांच्या कंपन्यांना मात्र हा रद्दीवाला खुपत होता. एक कॅसेट पाच घरांत फिरली तर पैसे एकदाच मिळतात. त्यातून मार्ग काढणारं तंत्रज्ञान म्हणजे इंटरनेट. सप्टेंबर २००३मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम' सुरू केलं. पुढच्याच वर्षी 'हाफ-लाइफ २' हा बहुप्रतीक्षित खेळ आला, तेव्हा दुकानातून तबकडी आणलेल्यांनाही स्टीमवर खातं उघडणं भाग पडलं. लोक चिडले, पण खातं उघडलं. खेळ आता तबकडीला नाही, खात्याला चिकटला होता.

जून २०१३मधला एक प्रसंग इथे थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या 'एक्सबॉक्स वन'साठी जुन्या तबकड्यांच्या देवघेवीवर बंधनं घालायचं ठरवलं. यंत्राने दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरीही लावायची होती. प्रतिस्पर्धी सोनीने लगेच एक छोटी फीत प्रसिद्ध केली: आमच्या यंत्रावर खेळ मित्राला कसा द्यायचा? एक माणूस तबकडी पुढे करतो, दुसरा घेतो, 'थँक्स' म्हणतो. संपलं. जगभर हशा पिकला आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. ग्राहकांचा विजय म्हणून तो प्रसंग आजही सांगतात. पण त्यानंतरच्या दहा वर्षांत काय झालं? घरबसल्या, सवलतीत, दुकानात न जाता खेळ मिळू लागला आणि बहुसंख्यांनी तबकडी स्वतःहून सोडली. जे जबरदस्तीने घेता आलं नाही, ते सोय देऊन सहज घेता आलं. पुढे तर तबकडीची खाचच नसलेली यंत्रं विकायला आली.

दुसरा बदल पैसे घेण्याच्या पद्धतीतला. त्याचा उगम अमेरिकेपेक्षा दक्षिण कोरियात शोधायला हवा. १९९७च्या आर्थिक संकटानंतर तिथे गल्लोगल्ली संगणक-कॅफे निघाले. नेक्सॉनसारख्या तिथल्या कंपन्यांनी नवा हिशेब मांडला: खेळ फुकट, आतल्या वस्तूंना पैसे. पाश्चात्त्य कंपन्यांना हे आधी हास्यास्पद वाटलं. एप्रिल २००६मध्ये 'ऑब्लिव्हियन' या खेळात घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला ठेवलं, तेव्हा खेळाडूंनी त्याची यथेच्छ टिंगल केली. पण चिलखतं खपली. मग पोशाख खपले, नाच खपले, तलवारींचे रंग खपले. २०१७मध्ये 'फोर्टनाइट' या खेळाचा लढाईचा अवतार फुकट वाटला गेला आणि नुसत्या पोशाखांवर त्याने अफाट पैसा मिळवला.

या धंद्याचं गणित कीर्तनाच्या आरतीतल्या ताटासारखं आहे. बहुतेक जण काहीच टाकत नाहीत, काही जण थोडं टाकतात आणि अगदी मोजके खूप टाकतात. फरक इतकाच की या मोजक्यांना धंद्याच्या भाषेत 'देवमासे' म्हणतात आणि सगळी रचना त्यांना गळाला लावण्यासाठी केलेली असते. काही खेळांनी तर बंद पेटीच विकायला काढली. आत काय निघेल ते नशीब. याचं मूळ जपानी दुकानांबाहेरच्या खेळण्यांच्या 'गाचापोन' यंत्रांत आहे. त्यातला एक विशेष लबाड प्रकार, म्हणजे अशा पेट्यांतून ठरावीक वस्तूंचा संच पुरा केला तरच मोठं बक्षीस, जपानच्या ग्राहक विभागाने २०१२मध्ये बेकायदा ठरवला. बेल्जियमने २०१८मध्ये पैसे घेऊन विकलेल्या अशा पेट्यांना सरळ जुगार म्हटलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५मध्ये आलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांबद्दल आहे. तो विषय वेगळा, त्यात इथे शिरत नाही.

साहित्याच्या वाचकाला यातली एक गोष्ट विशेष जाणवेल. विकून टाकायच्या खेळाला शेवट असायचा. राक्षस मेला, राजकन्या सुटली, श्रेयनामावली आली. फुकट खेळाला शेवट परवडत नाही, कारण खेळ संपला की गिऱ्हाईक संपलं. म्हणून रोज हजेरीचं बक्षीस, दर काही आठवड्यांनी नवा 'हंगाम', आत्ता घेतलं नाही तर पुन्हा न मिळणारी वस्तू. कादंबरी असती तर हिला आपण रतीब म्हटलं असतं. आणि हंगाम बदलला की जुनी जागा नाहीशी होते. फोर्टनाइटचा मूळ नकाशा असाच काळाच्या ओघात बदलत गेला. नोव्हेंबर २०२३मध्ये कंपनीने तो काही आठवड्यांसाठी परत आणला, तेव्हा एका दिवसात चार कोटींहून अधिक लोक खेळायला आले. मुलं आपल्या बालपणीचा पार बघायला आली होती म्हणा ना. पाराची किल्ली मात्र कंपनीकडे होती, आणि तिने तो ठरल्या दिवशी पुन्हा बंद केला.

आता मुख्य मुद्दा. वस्तूऐवजी सेवा विकली, की सेवा बंदही करता येते. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींचा खेळ डिसेंबर २०१४मध्ये आला. तबकडीवर रस्ते, गाड्या, गावं सगळं होतं. पण एकट्याने खेळायचं म्हटलं तरी तो आधी कंपनीच्या सर्व्हरशी बोलायचा. अर्धा डाव तुमच्या टेबलावर आणि अर्धा त्यांच्या कपाटात, अशी ही रचना. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद केले आणि पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या तबकड्या त्या क्षणी निरुपयोगी झाल्या. कॅलिफोर्नियात दोन खेळाडू न्यायालयात गेले. कंपनीचं म्हणणं: तुम्ही खेळ नव्हे, खेळ वापरण्याचा परवाना घेतला होता. वादींनी खेळाच्या वेष्टनाकडे बोट दाखवलं. तिथल्या संकेतांकाची मुदत २०९९ सालापर्यंत छापली होती.

सोनीच्या 'कॉन्कॉर्ड'चं आयुष्य तर एका पंधरवड्याचं. २३ ऑगस्ट २०२४ला आला, खपला नाही, ६ सप्टेंबरला बंद. पैसे सगळ्यांना परत मिळाले, त्यामुळे ग्राहकाची तक्रार नाही. पण कित्येक वर्षांचं शेकडो चित्रकारांचं, संगीतकारांचं, लेखकांचं काम दोन आठवड्यांत असं गेलं, की पडेल सिनेमाही जात नाही. पडेल सिनेमाची निदान रिळं उरतात.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. सर्व्हर चालवायला पैसे लागतात, आणि रोज शंभर माणसं खेळत असतील तर ते कोणी का मोजावेत? खेळातल्या खऱ्या मोटारी आणि गाणी करारावर घेतलेली असतात, करार संपतात. हे सगळं मान्य करूनही एक प्रश्न उरतो: बंद करताना खेळ इंटरनेटशिवाय चालेल असा बदल करून का देत नाहीत? तो अशक्य नसतो. 'द क्रू'वरून गदारोळ झाल्यावर युबिसॉफ्टनेच सप्टेंबर २०२४मध्ये पुढच्या दोन भागांना अशी सोय देऊ असं जाहीर केलं. रॉस स्कॉट या यूट्यूबवरच्या माणसाने २०२४मध्ये सुरू केलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' या चळवळीची मागणी नेमकी एवढीच आहे. सर्व्हर कायम चालवा असं ती म्हणत नाही. जाताना खेळ चालू अवस्थेत ठेवून जा, इतकंच म्हणते. युरोपीय संघाकडे द्यायच्या तिच्या निवेदनावर जुलै २०२५पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने मधला मार्ग काढला: १ जानेवारी २०२५पासून तिथे डिजिटल मालावर 'खरेदी करा' असं बटण ठेवायचं, तर हा केवळ परवाना आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. त्यामुळे खेळ वाचत नाहीत. निदान शब्दाचा अर्थ तरी वाचला.

पुस्तकवाल्यांनी याकडे दुरून पाहू नये. जुलै २००९मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या घोळामुळे ग्राहकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तकं परस्पर पुसली होती, आणि ती ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' निघाली. इतका बटबटीत योगायोग कादंबरीत लिहिला तर संपादक खोडतील.

महिन्याची वर्गणी भरून शेकडो खेळ वापरायचे, ही पद्धतही आता रुळली आहे. मायक्रोसॉफ्टची 'गेम पास' २०१७पासून आहे. आपल्याला ती वाचनालयासारखी वाटते. पण वाचनालय पुस्तक विकत घेऊन कपाटात ठेवतं. इथे कराराची मुदत संपली की पुस्तक कपाटातून निघून जातं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये मोजणी केली, तर २०१०पूर्वी तिथे आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात कुठेच मिळत नाहीत. ग्रंथालयांनी ते अभ्यासकांना घरबसल्या वापरू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये फेटाळली. मग जुने खेळ कोण सांभाळतं? बहुतेक चोर. 'सिटी ऑफ हीरोज' हा २००४चा खेळ कंपनीने २०१२मध्ये बंद केला. चाहत्यांनी बाहेर फुटलेल्या आज्ञावलीवर तो गुपचूप चालवला, आणि जानेवारी २०२४मध्ये कंपनीने त्यातल्या एका गटाला रीतसर परवाना दिला. हा सुखान्त विरळा आहे.

आपल्या वाट्याला हे थोडं निराळ्या रूपात आलं. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला आणि ज्या मुलाच्या घरात संगणक नव्हता, तोही फुकट खेळामुळे जगाशी खेळू लागला. या पद्धतीचं हे श्रेय नाकारता येणार नाही. २ सप्टेंबर २०२०ला सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. वर्षभरात तो नव्या नावाने परतला, जुन्या खात्यातल्या वस्तू आणायची सोयही काही काळ मिळाली. जुलै २०२२मध्ये पुन्हा नाहीसा झाला, मे २०२३मध्ये पुन्हा आला. आपल्या मुलांना खेळ म्हणजे कधीही उठून जाणारी चीज, हे कोणी शिकवायची गरज राहिलेली नाही.

पण मला काळजी आहे ती त्याआधीच्या खेळांची. मुंबईत १९९९मध्ये विशाल गोंडल यांनी इंडियागेम्स सुरू केली, पुण्यात गेमलॉफ्टचा स्टुडिओ होता, जो २००८मध्ये युबिसॉफ्टने घेतला. बटणांच्या फोनवर चालणारे किती तरी छोटे खेळ त्या काळात इथल्या मुलामुलींनी बनवले. ते दुकानात मिळत नसत. फोनच्या बॅलन्समधून पैसे कापून थेट हँडसेटवर उतरत. विकणाऱ्या सेवा बंद झाल्या, इंडियागेम्स यूटीव्हीमार्फत डिस्नेकडे गेली, आणि त्या खेळांची यादीसुद्धा एका जागी मिळत नाही. आज पुण्यात 'राजी'सारखा, आपल्या पुराणकथांवर उभा असलेला, २०२०मध्ये जगभर पोचलेला खेळ बनतो. त्याची एक प्रत कुठल्या सार्वजनिक संग्रहात ठेवायची, याचा नियम नाही. १९५४च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना द्यावी लागते. खेळाला असं काही नाही. सिनेमाच्या बाबतीतही आपण उशीरच केला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ला निघालं, आणि १९३१च्या 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

सध्या मी त्या बटणांच्या फोनवरच्या खेळांची यादी करतो आहे. नाव, वर्ष, कुठल्या हँडसेटवर, कोणी बनवला, निदान पडद्याचा एखादा फोटो. पावणेदोनशेपर्यंत नावं झाली आहेत. प्रत्यक्ष चालू अवस्थेत सापडले ते अकरा. ते सगळे लोकांच्या खणांत पडलेल्या जुन्या फोनांत निघाले. दिवाळीची आवरासावर करताना तुमच्या घरी असा एखादा फोन निघाला, तर भंगारात देण्याआधी तो चार्जरला लावून त्यातला 'गेम्स'चा कप्पा उघडून बघा.